क्वेरीत यूटीसी वेळ कशी घ्यायची, आणि पहाटे पाच ते साडेपाचच्या नोंदी कुठे जातात

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. दूध संस्थांच्या संकलनाचं सॉफ्टवेअर आहे, डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरचा. तो इतकी वर्षं ऑफिसातल्या मशीनवर होता, दोन महिन्यांपूर्वी क्लाउडवर हलवला. तेव्हापासून आत्ताची वेळ देणारं गेटडेट() हे फंक्शन साडेपाच तास मागची वेळ देतं. संकलनाची तारीख त्यातूनच काढली जाते आणि तास बारापेक्षा कमी असेल तर पाळी सकाळची, नाहीतर संध्याकाळची धरली जाते. त्याच सभासदाची त्याच पाळीची दुसरी नोंद आली, तर दुरुस्ती समजून ती पहिलीवर लिहिली जाते. बहुतेक नोंदी बरोबर पडतात. पण काही सभासदांचं दूध आदल्या दिवशी दिसतं, आणि काहींची एका वेळची नोंदच सापडत नाही. एक सहकारी म्हणतो सगळीकडे साडेपाच तास मिळवून टाका, दुसरा म्हणतो सगळं यूटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेत, न्या (आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे). एका संस्थेचा डेटा मायएसक्यूएलवर आहे, रिपोर्ट पोस्टग्रेसवर चालतात. तर क्वेरीत आत्ताची यूटीसी तारीख-वेळ कशी घ्यायची?

फंक्शनांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना ती रोमनमध्ये आणि जशी जोडून दिली आहेत तशी जोडून लिहा.

सरळ उत्तर एका ओळीचं आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये:

सिलेक्ट सिसयूटीसीडेटटाइम();

मायएसक्यूएलमध्ये यूटीसी_टाइमस्टँप(). पोस्टग्रेसमध्ये नुसतं नाऊ(), कॉलम योग्य प्रकारचा असेल तर. पण तुमचा घोळ या ओळीने सुटणार नाही. तो कुठे आहे ते आधी पाहू, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत: घटना घडली तो क्षण, आणि ती ज्या दिवसाच्या खात्यात लिहायची तो दिवस. क्षण सगळ्या जगाचा एकच असतो. दिवस त्या गावाचा असतो. तुम्ही दिवस क्षणातून काढताय, आणि तोही सर्व्हरच्या घड्याळाने.

एक नोंद हातात घेऊ. सभासद पहाटे ५ वाजून ११ मिनिटांनी कॅन घेऊन केंद्रावर आला. म्हशीचं दूध, ६.४ लिटर, फॅट ६.८. केंद्रातल्या कॉम्प्युटरने पावती छापली ती त्या कॉम्प्युटरच्या घड्याळाने, म्हणून पावतीवर ११ तारीख, सकाळ, ५:११ असं बरोबर आलं. ती पावती घेऊन तो घरी गेला. इकडे सर्व्हरवर गेटडेट()ने दिलं १० तारीख, २३:४१. तारीख काढली, १० आली. तास २३, म्हणजे बारापेक्षा जास्त, म्हणून पाळी संध्याकाळची. आता १० तारखेच्या संध्याकाळी, खऱ्या संध्याकाळी, हाच माणूस सव्वासहाला दूध घालून गेला होता आणि ती नोंद १० तारखेच्या संध्याकाळच्या खान्यात व्यवस्थित बसलेली होती. नवी नोंद तिच्यावर लिहिली गेली. दहाच्या संध्याकाळचं दूध पुसलं, त्याच्या जागी अकराच्या सकाळचं आलं, आणि अकराची सकाळ रिकामी राहिली.

आता सकाळी ५:४० ला येणाऱ्याचं पाहा. त्याची यूटीसी वेळ ००:१०, तारीख ११, तास शून्य, पाळी सकाळ. सगळं बरोबर! संध्याकाळी ५:३० नंतर येणाऱ्याची वेळ १२:०० च्या पुढे, म्हणजे पाळी संध्याकाळची, तीही बरोबर. पण संध्याकाळी ५:१० ला येणाऱ्याची यूटीसी वेळ ११:४०, म्हणून त्याचं दूध त्याच दिवशीच्या सकाळच्या पाळीत. दोन्ही पाळ्यांचा फक्त पहिला अर्धा तास चुकतो, पाच ते साडेपाच. साडेपाच तासांचा फरक आणि बाराची हद्द यांच्या गणिताने बाकी सगळं जागेवर पडतं. दोन महिने कोणाच्या लक्षात आलं नाही ते यामुळेच.

आणखी एक. दोन्ही वेळा नेमाने साडेपाचच्या आत येणारा जो सभासद आहे, त्याचं काहीच हरवलेलं नसणार. त्याची प्रत्येक नोंद एक पाळी मागे सरकते, पण कुणावर पडत नाही, कारण पुढची-मागचीही तशीच सरकलेली असते. हरवतं ते कधी लवकर, कधी जरा उशिरा येणाऱ्याचं. तक्रार करणारे सभासद बहुधा याच वर्गातले निघतील. शोध तिथून सुरू करा.

आता क्लाउडवर वेळ बदललीच का? गेटडेट() हे फंक्शन मशीनचं स्थानिक घड्याळ वाचतं. मशीन तुमच्या ऑफिसात होतं, विंडोजमध्ये भारतीय वेळ लावलेली होती, म्हणून भारतीय वेळ मिळत होती. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरचा अझ्युर एसक्यूएल डेटाबेस कायम यूटीसीवर चालतो, तिथे टाइमझोन बदलण्याची सोयच नाही. मॅनेज्ड इन्स्टन्स हा तिथलाच दुसरा प्रकार घेतला तर तो तयार करतानाच झोन निवडता येतो. कोड तोच राहिला आणि मशीनखालची जमीन बदलली. करंट_टाइमस्टँप वापरून हे टळत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते गेटडेट()चंच दुसरं नाव आहे. पुष्कळांना वाटतं की प्रमाणित एसक्यूएलमधलं नाव आहे म्हणजे वेळही प्रमाणित असेल. तसं नाही.

म्हणूनच पहिल्या सहकाऱ्याचा सल्ला मला मान्य नाही. गेटडेट()मध्ये ३३० मिनिटं मिळवली तर आज बरोबर उत्तर येईल, पण कोडच्या पोटात एक गृहीतक राहील की खालचं मशीन यूटीसीवर आहे. उद्या टेस्टिंगसाठी कोणी आपल्या लॅपटॉपवर डेटाबेस उभा करील, तिथे वेळ साडेपाच तास पुढे पळेल. जे दुखणं आज आहे तेच उलट दिशेने. ३३० मिनिटं मिळवायचीच असतील तर सिसयूटीसीडेटटाइम()मध्ये मिळवा. ते फंक्शन कुठल्याही मशीनवर एकच उत्तर देतं, मशीनचा झोन काहीही असो.

गेटयूटीसीडेट() आणि सिसयूटीसीडेटटाइम() यांत काय निवडायचं? पहिलं जुनं आहे आणि डेटटाइम प्रकार देतं. त्या प्रकारात सेकंदाचे हजारावे भाग ०, ३ आणि ७ याच आकड्यांवर संपतात, मधले आकडे जवळच्याला ओढले जातात. दुसरं २००८ च्या आवृत्तीपासून आहे आणि डेटटाइम२ देतं, दशांशाच्या सात स्थळांपर्यंत. नव्या टेबलात मी डेटटाइम२(३) घेतो. पूर्ण मिलिसेकंद मिळतो आणि जागाही डेटटाइमच्या ८ बाइटऐवजी ७ लागतात. गेटयूटीसीडेट() चुकीचं नाही. जुन्या कोडमध्ये असेल तर केवळ त्यासाठी कोड उकरू नका.

भारतीय वेळ दाखवायची असेल तेव्हा २०१६ च्या आवृत्तीपासून ॲट टाइम झोन आहे. इथे जवळपास प्रत्येक जण एकदा तरी ठेचकाळतो, म्हणून नीट सांगतो. सिसयूटीसीडेटटाइम() जे देतं त्याच्या अंगावर झोनची चिठ्ठी नसते. नुसतेच आकडे. अशा आकड्यांना ॲट टाइम झोन 'इंडिया स्टँडर्ड टाइम' लावलं तर एसक्यूएल सर्व्हर वेळ बदलत नाही, फक्त चिठ्ठी चिकटवतो. सकाळचे ९:१० यूटीसी होते ते ९:१० भारतीय वेळ झाले, म्हणजे साडेपाच तासांची चूक, आणि वर +०५:३० असा शिक्का असल्याने दिसायला एकदम अस्सल. झोन आधीच असेल तरच हे रूपांतर करतं. म्हणून दोनदा लिहायचं, आधी चिठ्ठी, मग रूपांतर:

सिसयूटीसीडेटटाइम() ॲट टाइम झोन 'यूटीसी' ॲट टाइम झोन 'इंडिया स्टँडर्ड टाइम'

आता ९:१० चे १४:४० होतात. हे डेट प्रकारात बदललं (कास्ट केलं) की आजची भारतीय तारीख. झोनचं नाव इथे विंडोजच्या यादीतलं लागतं. 'एशिया/कोलकाता' हे नाव पोस्टग्रेस, ओरॅकल, मायएसक्यूएल वगैरेंत चालतं.

मायएसक्यूएलकडे वळतो, कारण तिथला सापळा निराळा आहे. नाऊ() तिथे सेशनच्या, म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या, टाइमझोनप्रमाणे वेळ देतं, यूटीसी_टाइमस्टँप() नेहमी यूटीसी. इथवर सोपं. पण कॉलमचे दोन प्रकार आहेत. डेटटाइममध्ये जे आकडे टाकाल तेच राहतात. टाइमस्टँपमध्ये टाकताना मायएसक्यूएल ते आकडे सेशनच्या झोनमधले समजून यूटीसीत बदलून ठेवतो आणि वाचताना परत सेशनच्या झोनमध्ये आणून देतो. आता सेशन भारतीय वेळेवर आहे, दुपारचे २:४० वाजलेत, आणि तुम्ही टाइमस्टँप कॉलममध्ये यूटीसी_टाइमस्टँप() टाकलंत. आकडे आले ९:१०. मायएसक्यूएलने ते भारतीय मानले, आणखी साडेपाच तास वजा केले आणि आत ठेवले ३:४०. त्याच सेशनमधून वाचलंत तर ९:१० दिसणार. तुम्ही म्हणणार, बरोबर, यूटीसीच आहे. पोस्टग्रेसमध्ये रिपोर्टसाठी डेटा ओढणारं सेशन यूटीसीवर असलं की त्याला ३:४० दिसणार. दोघं आपापल्या स्क्रीनचे फोटो एकमेकांना पाठवत बसतील आणि दोघांनाही आपलंच खरं वाटेल.

नियम असा धरा: टाइमस्टँप कॉलमला करंट_टाइमस्टँप किंवा नाऊ() द्या, बदल तो स्वतः करतो. डेटटाइम कॉलमला यूटीसी_टाइमस्टँप() द्या. एकाचं औषध दुसऱ्याला नको. मला स्वतःला डेटटाइम पसंत आहे. दोन कारणं. टाइमस्टँपची धाव १९ जानेवारी २०३८, ०३:१४:०७ यूटीसीपर्यंतच आहे, आणि कर्जाच्या हप्त्यांच्या मुदती आजच त्याच्या पलीकडे जातात. दुसरं, ज्या प्रकाराचं उत्तर कोण विचारतंय त्यावर बदलतं, तो नव्या माणसाला समजावणं कठीण जातं. कॉलमला डिफॉल्ट (काही न दिल्यास आपोआप भरली जाणारी किंमत) म्हणून यूटीसी_टाइमस्टँप() द्यायचं तर आवृत्ती ८.०.१३ किंवा पुढची हवी, आणि ते कंसात लिहावं लागतं. एका झोनची वेळ दुसऱ्यात नेणारं कन्व्हर्ट_टीझेड() वापरताना झोनचं नाव दिलं आणि उत्तर नल, म्हणजे रिकामं, आलं तर गोंधळू नका. सर्व्हरवर झोनची टेबलं भरलेली नाहीत एवढाच त्याचा अर्थ. '+०५:३०' दिलं तर टेबलांशिवाय चालतं, अर्थात तिथे आकडे रोमनच.

पोस्टग्रेसमध्ये टाइमस्टँपटीझेड हा प्रकार घ्या आणि नाऊ() टाका. नावात झोन असला तरी तो झोन साठवला जात नाही, आत फक्त यूटीसीतला क्षण असतो आणि दाखवताना सेशनच्या झोनमध्ये दाखवला जातो. अशा कॉलमला हौसेने नाऊ() ॲट टाइम झोन 'यूटीसी' असं डिफॉल्ट दिलं, तर मायएसक्यूएलमध्ये झाला तोच प्रकार होतो: आधी चिठ्ठी काढली जाते, मग सेशनची चिठ्ठी लागते, आणि साडेपाच तास गेले. सेशन यूटीसीवर असेल तोवर हे दिसतही नाही.

पोस्टग्रेसमधल्या दोन खाचखळग्यांनी माझ्यासमोर माणसांचे दिवस खाल्ले आहेत. एक म्हणजे झोन म्हणून 'आयएसटी' हे लघुरूप. पोस्टग्रेसच्या ठरीव यादीत त्याचा अर्थ इस्रायलची प्रमाण वेळ, यूटीसीच्या दोन तास पुढे. आपली वेळ हवी तर पूर्ण नाव 'एशिया/कोलकाता' लिहा, लघुरूपांच्या वाटेला जाऊ नका. दुसरा, 'यूटीसी+५:३०' असं झोनचं नाव. ते पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या प्रमाणकाच्या रीतीने वाचलं जातं आणि त्या रीतीत अधिकचं चिन्ह ग्रिनिचच्या पश्चिमेला असतं. म्हणजे पुढे जाण्याऐवजी साडेपाच तास मागे, एकूण फरक अकरा तासांचा.

'आत्ता' म्हणजे नेमकं कधी, हाही प्रश्न आहे. पोस्टग्रेसचं नाऊ() ट्रान्झॅक्शन सुरू झालं ती वेळ देतं आणि ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत तीच देत राहतं. हे मुद्दाम केलेलं आहे आणि चांगलं आहे, कारण एका व्यवहारातल्या सगळ्या ओळींवर एकच वेळ पडते. पण एका ठिकाणी रात्रीचं बिलाचं काम किती वेळ घेतं ते मोजायला सुरुवातीला आणि शेवटी नाऊ() लिहिलं होतं, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. काम पाऊण तास चालायचं आणि लॉगमध्ये रोज शून्य सेकंद. तिथे क्लॉक_टाइमस्टँप() हवं होतं, ते प्रत्येक वेळी खरं घड्याळ वाचतं. मायएसक्यूएलमध्ये नाऊ() स्टेटमेंट सुरू झाल्याची वेळ देतं आणि सिसडेट() प्रत्यक्ष त्या क्षणाची.

बाकीच्या डेटाबेसांचं भराभर सांगतो. ओरॅकलमध्ये सिसडेट म्हणजे सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची वेळ, करंट_डेट सेशनच्या झोनची, यूटीसीसाठी सिस_एक्स्ट्रॅक्ट_यूटीसी(सिसटाइमस्टँप). बिगक्वेरीत करंट_टाइमस्टँप() यूटीसीतच असतो. स्नोफ्लेकमध्ये कोणी काही बदललं नसेल तर सेशन लॉस एंजेलिसच्या वेळेवर असतं, तेवढं लक्षात ठेवा.

एसक्यूलाइटवर मात्र थांबायला हवं, कारण केंद्रावरच्या मोबाइल ॲपमध्ये बहुधा तोच आहे. तिथे करंट_टाइमस्टँप आणि डेटटाइम('नाऊ') दोन्ही यूटीसी देतात, पण नुसत्या मजकुराच्या रूपात, झोनची कुठलीही खूण नसताना. ॲप लिहिणाऱ्याने तो मजकूर उचलून स्थानिक वेळ म्हणून वाचला की पुन्हा साडेपाच तास. मजकुराच्या शेवटी यूटीसीची खूण असलेलं झेड अक्षर येईल अशी स्ट्रफटाइम()ने वेळ बनवा आणि सर्व्हरकडे तीच पाठवा.

आणि इथे मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे जी प्रश्नात नाही. केंद्रावर नेट गेलं तर काय होतं? गावाकडे पावसाळ्यात ते जाणारच. नोंद फोनमध्ये राहत असेल आणि दुपारी नेट आल्यावर वर जात असेल, तर सर्व्हरची यूटीसी वेळ कितीही अचूक घेतलीत तरी ती दूध घातल्याची वेळ नाही, ती नोंद पोहोचल्याची वेळ आहे. म्हणून दोन कॉलम ठेवा: घडलेली_वेळ_यूटीसी, जी केंद्रावरचं यंत्र पाठवील, आणि पोहोचलेली_वेळ_यूटीसी, जी डेटाबेस डिफॉल्टने भरील. यंत्राच्या घड्याळावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपली की कॉम्प्युटर जुनीच कुठली तरी तारीख धरून बसतो. दोन वेळांतला फरक पाहत राहिलात तर असं केंद्र लगेच सापडतं. फरक उणे आला, म्हणजे नोंद घडण्याआधीच पोहोचली, तर घड्याळ नक्की चुकलंय. दुसरीकडे, पहाटेच्या नोंदी दुपारी पोहोचल्या तर तो फक्त नेटचा दोष.

आता दिवस. संकलनाची तारीख आणि पाळी हे स्वतंत्र कॉलम करा, आणि ते नोंद होतानाच भरा, भारतीय तारखेने. पाळी शक्यतो केंद्रचालकालाच निवडू द्या. ज्या दिवशी टँकर उशिरा येतो आणि सकाळचं संकलन लांबतं, त्या दिवशी पाळी कुठली हे घड्याळाला कळत नाही, त्या माणसाला कळतं. काही जण म्हणतील की क्षण साठवलाय तर तारीख वेगळी कशाला, काढता येते की. मी उलट म्हणेन. दहा-दहा दिवसांचं बिल ज्या तारखेवर निघतं ती हिशेबाची गोष्ट आहे. १ ते १०, ११ ते २०, २१ ते अखेर. अकराच्या पहाटेचं दूध दहाला पडलं की ते आधीच्या बिलात जातं, आणि ते बिल निघून गेलेलं असलं तर कुठल्याच बिलात जात नाही. १ एप्रिलच्या पहाटे पाचला यूटीसीत अजून ३१ मार्च असतो, आर्थिक वर्षच बदलतं. असला निकाल दर वेळी रूपांतर करून लावायचा नसतो, एकदा लावून लिहून ठेवायचा असतो.

जिथे फक्त क्षणाचा कॉलम आहे आणि भारतीय दिवसाचा रिपोर्ट हवा, तिथे कॉलमवर रूपांतर लावून तारखेशी तुलना करू नका. तसं केलं की इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) बाजूला पडतो आणि सगळं टेबल वाचावं लागतं. उलट दिवसाच्या दोन्ही कडा यूटीसीत काढा आणि कॉलमला हात लावू नका. ११ तारखेचा भारतीय दिवस म्हणजे १० तारखेच्या १८:३० पासून (ते धरून) ११ तारखेच्या १८:३० पर्यंत (ते सोडून). बिट्वीन आणि २३:५९:५९ ही जोडी वापरू नका. शेवटच्या सेकंदाच्या पोटातल्या नोंदी तिच्यातून निसटतात.

आपल्याकडे घड्याळ वर्षातून दोनदा पुढे-मागे होत नाही, म्हणून ३३० हा आकडा बारा महिने चालतो आणि आपल्याला सवय लागते. मी काही वर्षं लंडनच्या एका ग्राहकाचं काम केलं. त्यांचा सर्व्हर स्थानिक वेळेवर होता. हिवाळ्यात लंडनची वेळ आणि यूटीसी एकच असते, आणि सगळी चाचणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत झाली होती. सगळं हिरवं. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासाने पुढे गेली आणि सोमवारपासून प्रत्येक आकडा तासाने चुकला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती मागे आली तेव्हा रात्रीचा एक ते दोन हा तास दोनदा आला, आणि काही कामं सुरू होण्याआधीच संपल्याचं लॉग सांगू लागला. त्यानंतर मी कुठल्याही टेबलात स्थानिक वेळ झोनशिवाय ठेवलेली नाही. चाचणीसाठी सर्व्हर मुद्दाम तिसऱ्याच झोनवर ठेवतो, आपल्याही नाही आणि यूटीसीच्याही नाही, म्हणजे चूक लपायला जागा राहत नाही.

सभासदांच्या जन्मतारखा तुमच्या डेटाबेसमध्ये असतील. त्या डेट प्रकारातच ठेवा, यूटीसीत नेऊ नका. महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, भारताची घड्याळं तासाने पुढे होती, यूटीसीच्या साडेसहा तास पुढे. झोनच्या यादीत 'एशिया/कोलकाता'च्या इतिहासात हे नोंदलेलं आहे. १९४३ च्या एखाद्या तारखेची मध्यरात्र या यादीने यूटीसीत नेली तर आदल्या दिवशीचे १७:३० येतात. परत आणताना कोणी सरळ ३३० मिनिटं मिळवली तर आदल्या दिवशीचे रात्रीचे ११. ऐंशी ओलांडलेल्या सभासदाचा वाढदिवस एक दिवस अलीकडे येतो, आणि आधारवरची तारीख जुळत नाही म्हणून त्याचं काम अडतं.

आता तुमचं टेबल दुरुस्त करायचं ते असं. जुन्या कॉलमवर अपडेट चालवू नका. त्यात आज दोन अर्थांचे आकडे आहेत, हलवण्याआधीचे भारतीय आणि नंतरचे यूटीसी, आणि एकदा पुसले की वेगळे करता येणार नाहीत. आधी बॅकअप. मग नवा कॉलम जोडा, डेटटाइम२(३), नाव स्पष्ट: घडलेली_वेळ_यूटीसी. कोणत्या ओळीपासून अर्थ बदलला ते आठवणीवर ठरवू नका, डेटाच सांगतो. आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाच्या क्रमाने ओळी लावा आणि लॅग() वापरून आधीच्या ओळीची वेळ शेजारी आणा. वेळ पुढे जात असते. जिथे ती अचानक मागे उडी मारते तीच ओळ. हलवण्याच्या वेळी काम थोडा वेळ बंद असेल तर उडी साडेपाच तासांपेक्षा तेवढी कमी दिसेल. त्या ओळीच्या आधीच्यांतून ३३० मिनिटं वजा करून नव्या कॉलममध्ये भरा, नंतरच्या जशाच्या तशा. मग नव्या कॉलमवर डिफॉल्ट सिसयूटीसीडेटटाइम() लावा आणि जुन्यात लिहिणं बंद करा. केंद्राची स्वतःची वेळ येऊ लागली की हे डिफॉल्ट पोहोचलेली_वेळ_यूटीसीकडे न्या.

तारीख आणि पाळी फक्त हलवल्यानंतरच्या ओळींची पुन्हा काढायची आहे, नव्या कॉलममधून, भारतीय वेळेने. त्यांतही यूटीसी २३:३० ते २४:०० आणि ११:३० ते १२:०० यांतल्याच बदलतील. बदलण्याआधी त्या किती आहेत ते मोजा आणि आकडा लिहून ठेवा. त्याहून जास्त ओळी बदलल्या तर थांबा.

राहिल्या त्या नोंदी ज्यांच्यावर दुसरी नोंद लिहिली गेली. त्या या टेबलात आता नाहीत, कुठलंही फंक्शन त्या परत आणू शकत नाही. पण चुकीची जागा बदलली की त्यांची भोकं दिसू लागतील: ११ ची सकाळ भरलेली आणि १० ची संध्याकाळ रिकामी. अशा प्रत्येक रिकाम्या पाळीची सभासदवार यादी काढा. रोजच्या बॅकअपमध्ये त्या नोंदी मिळतात का पाहा. दहाच्या रात्री घेतलेल्या बॅकअपमध्ये संध्याकाळचं दूध अजून असणार, कारण ते पुसलं गेलं दुसऱ्या दिवशी पहाटे. बॅकअप नसेल तर केंद्रावरच्या कॉम्प्युटरमध्ये पावत्यांची प्रत असते, आणि तीही नसेल तर सभासदाकडे पावती असते. पुष्कळ घरांत बिल मिळेपर्यंत त्या खिळ्याला टोचून ठेवतात. यादी केंद्रचालकाकडे द्या, लिटर आणि फॅट भरून घ्या, आणि फरकाची रक्कम पुढच्या बिलात वेगळी ओळ म्हणून दाखवा, कोणत्या तारखेच्या कोणत्या पाळीची ते लिहून.